दुमडणारी टचस्क्रीन दोन लाख घड्या टिकवायची तर थर कसे रचावेत?

नवी_घडी

आत मिटणाऱ्या (पडद्यावर पडदा येणाऱ्या) उपकरणासाठी थरांची रचना ठरवायची आहे. आतली त्रिज्या १.५ मिमी. पॅनेल तयार मिळणारं लवचीक ओएलईडी, टच त्यावर वेगळ्या फिल्मचा. वरून खाली, मायक्रॉनमध्ये, आराखडा असा:

संरक्षक पेट (पीईटी प्लास्टिक) फिल्म, हार्ड कोटसह (ओरखडे रोखणारा कडक लेप): ५०
ओसीए (पारदर्शक गोंद): ५०
अतिपातळ काच: ३०
ओसीए: ५०
पोलरायझर (परावर्तन रोखणारी फिल्म): ४०
ओसीए: २५
टच फिल्म, पेटवर आयटीओ (पारदर्शक, वीजवाहक ऑक्साइडचा थर): ५०
ओसीए: २५
ओएलईडी पॅनेल: ४०
मागची पेट, गोंदासह: ५०

एकूण ४१०. त्याखाली १५० मायक्रॉनचा स्टेनलेस स्टीलचा पत्रा, घडीच्या पट्ट्यात जाळी कोरलेला.

प्रश्न तीन. आयटीओ ठेवावं की मेटल मेश (बारीक धातूच्या रेघांची जाळी) घ्यावी? गोंद मऊ घ्यावा की घट्ट? आणि २ लाख घड्यांची चाचणी कशी लावली तर तिच्या निकालावर भरवसा ठेवता येईल? (दिवसाला १०० घड्या धरल्या तर ५ वर्षांत १,८२,५०० होतात, म्हणून २ लाख.)

तिसरा_थर

दुसरा प्रश्न पहिला घ्या. गोंद ठरल्याशिवाय बाकीच्या कुठल्याही थराचा हिशेब मांडता येत नाही.

वाकवलेल्या थराच्या पृष्ठभागावरचा स्ट्रेन (मूळ लांबीच्या तुलनेत किती ताणलं किंवा दाबलं गेलं ते) = जाडी ÷ (२ × त्रिज्या). त्रिज्या थराच्या मध्यापर्यंत मोजायची. तुमचे ४१० मायक्रॉन एकजीव ठोकळा म्हणून वाकले तर मध्याची त्रिज्या १.७ मिमी आणि बाहेरच्या अंगाला १२ टक्के ताण. काच, आयटीओ, ओएलईडीवरचं सिलिकॉन नायट्राइड, यातलं काहीच १२ टक्क्यांत वाचत नाही.

गोंद पुरेसा मऊ असेल तर कडक थर एकमेकांवरून सरकतात, प्रत्येकाचं न्यूट्रल प्लेन (जिथे ना ताण ना दाब, ती पातळी) त्याच्या स्वतःच्या पोटात राहतं आणि आकडे आवाक्यात येतात:

काच: १५ ÷ १६१५ = ०.९३ टक्के
टच फिल्म: २५ ÷ १७७० = १.४१ टक्के
ओएलईडी पॅनेल: २० ÷ १८४० = १.०९ टक्के, आणि त्यातले नाजूक थर मध्याजवळ असल्याने प्रत्यक्षात कमी

या आकड्यांना १.२ ने गुणा. दोन समांतर पट्ट्यांमध्ये मोकळी सोडलेली घडी अर्धवर्तुळ होत नाही, तिच्या टोकाला वक्रता सरासरीपेक्षा सुमारे २० टक्के जास्त असते. म्हणजे काच १.१, टच फिल्म १.७.

आराखड्यातली एक जागा खटकते. मागची पेट पॅनेलला कडक, पातळ गोंदाने चिकटवलेली असेल तर ते दोन थर नसून ९० मायक्रॉनचा एकच थर आहे. मग पॅनेलच्या वरच्या अंगाला २.४ टक्के दाब येतो, आणि पाण्याची वाफ अडवणारं आवरण नेमकं तिथेच असतं. मागचा गोंद कोणता, त्याची जाडी आणि मॉड्यूलस (कडकपणाचं माप) किती, हे पुरवठादाराला लेखी विचारा. पॅनेलच्या माहितीपत्रकात दिलेली किमान त्रिज्या कोणत्या मागच्या थरासकट मोजली आहे, तेही.

शंकासुर

म्हणजे गोंद जितका मऊ तितकं उत्तम? मग पुरवठादार दोन प्रकार का विकतात?

काचकाम

कारण पडद्याला फक्त घडी पडत नाही, त्याच्यावर पेनही पडतं.

३० मायक्रॉनच्या काचेवर टोकदार वस्तू आपटली की काच त्या बिंदूपाशी खाली वाकते आणि ताण तिच्या खालच्या पृष्ठभागावर येतो. खाली मऊ गोंदाची गादी जितकी जाड, तितका तो खड्डा खोल. साध्या बॉलपेनच्या चाचणीत (सुमारे ५ ते ६ ग्रॅम, टोकाची गोळी ०.७ मिमी) वर फिल्म नसलेली अशी काच काही सेंटीमीटरच्या उंचीलाच फुटू शकते. घडीला मऊ गोंद हवा, आघाताला कडक आधार हवा. दोन्ही मागण्या एकाच ओसीएकडून पुऱ्या होत नाहीत.

तोड अशी की काचेच्या वरचा गोंद ५० मायक्रॉन मऊ ठेवा आणि काचेखालचा २५ पर्यंत आणा. तो थोडा घट्टही चालेल. वरच्या संरक्षक फिल्मची जाडी आघातात बरंच काम करते, ती ५० वरून खाली आणू नका. वजन आणि जाडी वाचवायच्या नादात पहिली कात्री याच फिल्मवर चालते, ते टाळा.

आता काचेच्या ताकदीबद्दल, कारण सगळा भर कडेवर आहे. १.१ टक्के स्ट्रेन गुणिले ७० गिगापास्कल म्हणजे सुमारे ७८० मेगापास्कल. काचेची फ्रॅक्चर टफनेस (तडा पसरू न देण्याची क्षमता) ०.७ मेगापास्कल-मूळ-मीटर धरली तर या ताणाला कडेवरचा ०.२ मायक्रॉन खोलीचा टवकासुद्धा पुरतो. ०.२! लेझरने किंवा चाकाने कापलेल्या कडेवर याच्या कितीतरी पट मोठे टवके असतात. म्हणून दोन गोष्टी लागतात.

एक, कापल्यानंतर आम्लाने कडा खाऊन काढणं, म्हणजे टवक्यांची टोकं बोथट होतात. दोन, रासायनिक मजबुतीकरण: पोटॅशियम नायट्रेटच्या वितळलेल्या मिठात साधारण ४०० अंशांजवळ बुडवून सोडियमच्या जागी पोटॅशियम बसवायचं. पृष्ठभागावर ६०० मेगापास्कल दाब बसला तर निव्वळ ताण १८० उरतो आणि सहन होणारा टवका ०.२ वरून साडेतीन-पावणेचार मायक्रॉनवर जातो. क्रम मात्र पाळायचा: आधी कापणं, मग कडा खाणं, मग मीठ. मजबूत केलेली काच नंतर कापली की नव्या कडेवर तो दाबाचा थर नसतो.

दाबाचा थर खोल नेण्याचा मोहही आवरा. ३० मायक्रॉनमध्ये दोन्ही बाजूंनी ५-५ गेले की पोटात २० उरतात, आणि पृष्ठभागावरच्या दाबाची भरपाई पोटातल्या ताणाने होते. थर जाड केला तर पोट फाटतं आणि काच आपोआप तुकडे होते.

ओहम_मीटर

टचकडे वळू. आयटीओ पेटवर ओढलं की साधारण १ ते २ टक्के स्ट्रेनमध्ये तडकायला लागतं, थराची जाडी आणि दर्जा यांवर नेमका आकडा ठरतो. तुमचे १.४ आणि टोकाला १.७ त्याच पट्ट्यात आहेत. पहिल्या दिवशी चालेल, पुढे केसाएवढे तडे घडीच्या अक्षाला समांतर वाढत जातील आणि एकेक वाहिनी (टचच्या इलेक्ट्रोडची पट्टी) मरेल.

आयटीओ टाकून न देता करता येण्यासारखं:

फिल्म ५० ऐवजी २५ मायक्रॉन घ्या. १२.५ ÷ १७५७ = ०.७१ टक्के. निम्मं झालं, तेही साहित्य न बदलता. २५ च्या फिल्मला लॅमिनेशनमध्ये चुण्या पडतात, म्हणून ती वाहक फिल्मसकट मागवा आणि चिकटवल्यानंतर वाहक सोलून काढा.

आयटीओचा थर पाहणाऱ्याकडच्या बाजूला ठेवा. घडी आत मिटते तेव्हा प्रत्येक फिल्मची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. दाबात आयटीओ जास्त तग धरतं. ते अमर होत नाही, पुढे दाबाने फुगून सुटतं, पण उशिरा.

तरीही २ लाखांसाठी मी मेटल मेशच घेईन. टायटॅनियम-ॲल्युमिनियम-टायटॅनियम अशी तीन थरांची, ३ ते ५ मायक्रॉन रुंद रेघ. ॲल्युमिनियम तडकण्याआधी ताणलं जातं. मॉलिब्डेनमची मेश स्वस्तात मिळाली तर घेऊ नका, वाकण्याच्या बाबतीत ते ठिसूळ. मेशचा दुसरा फायदा म्हणजे जाळीत एक दुवा तुटला तरी प्रवाहाला शेजारून वाट असते. मात्र रेघा घडीच्या अक्षाशी काटकोनात सरळ नेऊ नका. तिरप्या किंवा नागमोडी असल्या की रेघेच्या दिशेने येणारा ताण कमी होतो. कोन पक्का करण्याआधी तो पॅनेलच्या पिक्सेलवर ठेवून मॉइरे (दोन जाळ्या एकावर एक आल्याने दिसणारे पट्टे) तपासा, ४५ अंश प्रत्येक पिक्सेल-रचनेला मानवत नाही.

शंकासुर

सिल्व्हर नॅनोवायरचं नाव कुणी घेतलं नाही?

ओहम_मीटर

वाकण्यात नॅनोवायर सगळ्यांत पुढे आहे, यात वाद नाही. २०-३० नॅनोमीटर जाडीच्या तारांचं जाळं एक-दोन टक्के सहज पचवतं. अडचण वाकण्याबाहेरची आहे. हवेतल्या गंधकाने चांदी काळवंडते, अतिनील प्रकाशात तारा तुटक होतात, आणि ओलाव्यात दोन शेजारच्या इलेक्ट्रोडांमध्ये व्होल्टेज असेल तर चांदी सरकून शॉर्ट होते. वरून लेप लागतोच. त्यात गोंद आम्लयुक्त असेल तर तोही तारा खातो, म्हणून ओसीए आम्लमुक्त मागायचा. धूसरपणाही मेशपेक्षा जास्त. घडीचं आयुष्य वाढतं आणि दमट-उष्ण चाचणीतलं घटतं, हा सौदा पटत असेल तर घ्या.

साहित्यापेक्षा इलेक्ट्रोडच्या आखणीने जास्त फरक पडतो आणि त्याला पैसे पडत नाहीत:

१. घडी ओलांडणाऱ्या वाहिन्या दोन्ही टोकांनी जोडा. घडीवर एक तडा गेला तरी दोन्ही अर्धे जिवंत राहतात. एकाच टोकाने जोडलेली वाहिनी तुटली की घडीपलीकडचा अख्खा भाग बहिरा होतो.

२. घडीचा पट्टा π × १.५ = ४.७ मिमी, म्हणजे साधारण एका इलेक्ट्रोडची रुंदी. अक्षाला समांतर जाणारा इलेक्ट्रोड बरोबर अक्षावर मध्य धरून बसला तर तो पूर्णपणे कमाल स्ट्रेनमध्ये राहतो. अर्ध्या अंतराने सरकवा, म्हणजे दोन इलेक्ट्रोडांमधली फट अक्षावर येईल.

३. त्या पट्ट्यात व्हाया (थरांना जोडणारं भोक) नको, ब्रिज (एका रेघेवरून जाणारा जोडपूल) नको, रेघेची रुंदी अचानक बदलणं नको, काटकोनी वळण नको. तडा अशाच जागा शोधतो.

४. कडेने जाणाऱ्या जोडरेघा हे सर्वांत दुर्लक्षित ठिकाण. पडद्याच्या भागात सुंदर मेश आणि कडेला चांदीच्या पेस्टची जाड छपाई, अशी फिल्म बाजारात सर्रास मिळते. ती पेस्ट घडीवर तडकते. घडी ओलांडणारी प्रत्येक जोडरेघ मेशच्याच धातूची हवी.

बिजागरी

थरांवर बरीच चर्चा झाली, पण १.५ मिमीची यू-घडीच का घेताय? थेंबाच्या आकाराची घडी घ्या. पडद्याचे दोन्ही पंख जवळजवळ टेकतात आणि घडीचा फुगा बिजागरीच्या पोकळीत जातो. फुग्याची त्रिज्या ३ मिमी धरली तर काचेवर १५ ÷ ३११५ = ०.४८ टक्के. ताण निम्मा झाला, सळही उथळ. किंमत जागेची: घडीमागे फुग्याला सामावणारी पोकळी लागते, आणि पंखांखालच्या पट्ट्या मिटताना आत कलतील अशी यंत्रणा लागते. २०१९ च्या मोटोरोला रेझरमध्ये हीच कल्पना होती.

तिसरा_थर

सहमत, पण थेंबाचा एक तोटा हिशेबात धरा. फुगा जिथे पंखाला मिळतो तिथे दोन्ही बाजूंना उलटी वक्रता येते. तिथे फिल्मची वरची बाजू दाबात नसून ताणात असते. ओहम_मीटर यांची ‘आयटीओ वरच्या बाजूला’ ही युक्ती त्या दोन खांद्यांवर उलटते. खांद्याची त्रिज्या फुग्यापेक्षा बरीच मोठी ठेवा, आणि घडीचा पट्टा मोजताना खांदे धरून मोजा. इलेक्ट्रोडचे नियम २ आणि ३ त्या संपूर्ण रुंदीला लागू.

बिजागरी

बरोबर. शिवाय सरकण्याचा प्रश्न तसाच राहतो. जाड वही दुमडली की कडेला पानांची पायरी दिसते, तेच इथे. दोन थरांच्या मध्यांतलं अंतर गुणिले π इतका लांबीचा फरक, त्रिज्या कितीही असो. तुमच्या सर्वांत वरच्या आणि खालच्या थरात ३६० मायक्रॉन अंतर आहे, म्हणजे १.१३ मिमी, प्रत्येक कडेला ०.५७. बेझलखाली (पडद्याभोवतीच्या चौकटीखाली) तेवढी मोकळी जागा ठेवा, नाहीतर फिल्म बेझलला धडकून उचकटेल.

तिसरा_थर

०.५७ ही वरची मर्यादा आहे. पंख लांब असेल तर सरकणं कडेपर्यंत पोचतच नाही, गोंद त्याला वाटेत अडवतो. ते किती अंतरात विरतं याचा अंदाज:

अंतर = √(फिल्मचा मॉड्यूलस × फिल्मची जाडी × गोंदाची जाडी ÷ गोंदाचा शिअर मॉड्यूलस, म्हणजे थर सरकण्याला तो किती विरोध करतो)

वरची पेट ४ गिगापास्कल, ५० मायक्रॉन. गोंद ५० मायक्रॉन, ३० किलोपास्कल. उत्तर १८ मिमी. ही पेट आणि काच यांच्या मध्यांत ९० मायक्रॉन अंतर, म्हणजे घडीच्या प्रत्येक बाजूला ०.१४ मिमी सरकायचं आहे. गोंदाच्या ५० मायक्रॉन जाडीत ०.१४ मिमी म्हणजे २८० टक्के शिअर. ओसीए निवडताना इतकं ताणूनही तो परत येतो का, हे पाहायचं असतं. सोलण्याच्या ताकदीचा मोठा आकडा पाहून निवडलेला गोंद इथे फसवतो.

हेच गणित थंडीत करा. उणे २० ला गोंद दहापट कडक झाला तर १८ मिमीचे ६ मिमी होतात. तेच ०.१४ मिमी आता ६ मिमीत बसवायचे, म्हणजे फिल्मच्या प्रतलात ०.८ टक्क्यांऐवजी सुमारे २.४ टक्के दाब, वाकण्याचा स्ट्रेन वेगळा. एवढ्या दाबात फिल्म घडीवर उचलली जाते किंवा हार्ड कोट तडकतो. घडीचे फोन थंडीत जास्त का फुटतात याचं एक मोठं कारण हे आहे.

म्हणून गोंदाच्या माहितीपत्रकात तीन ओळी शोधा: उणे २० ला शिअर मॉड्यूलस (३०० किलोपास्कलच्या पुढे असेल तर विसरा), काचसंक्रमण तापमान, म्हणजे ज्याखाली गोंद काचेसारखा कडक होतो (उणे ३० च्या खाली, उणे ४० असेल तर बरं), आणि ६० अंशांना दीर्घकाळ ताणून सोडल्यावर किती टक्के परत येतो. तिसरी ओळ बहुतेक पत्रकांत नसते. ती मागून घ्यावी लागते, आणि सळ किती खोल पडेल हे तीच सांगते. ॲक्रिलिकमध्ये थंडी आणि उष्णता दोन्ही सांभाळणं अवघड, सिलिकोन थंडीत उत्तम पण पेटला नीट चिकटत नाही, पृष्ठभागावर प्रायमर किंवा प्लाझ्मा लागतो.

लॅमिनेटर

चिकटवण्याबद्दल थोडं. निर्वातात चिकटवा, मग ऑटोक्लेव्ह (उष्णता आणि दाब देणारी बंद पेटी). साधारण ५० अंश, ०.५ मेगापास्कल, अर्धा तास हा सुरुवातीचा बिंदू घ्या, फुगे राहिले तर आधी वेळ वाढवा, तापमान नंतर. फार मऊ ओसीए दाबात कडेने बाहेर येतो आणि त्यावर धूळ बसते. म्हणून ओसीएची कड फिल्मच्या कडेपासून किंचित आत ठेवतात. घडीच्या पट्ट्यात अडकलेला कण बाकी पडद्यापेक्षा कितीतरी घातक, कारण प्रत्येक घडीला गोंद त्याच्याभोवती सोलला जातो आणि फुगा वाढतो. तपासणीचा निकष घडीच्या पट्ट्यासाठी वेगळा, कडक लिहा.

फिल्मची ओढलेली दिशा (रोलची दिशा) सर्व थरांत घडीशी एकाच नात्याने ठेवा. एका थरात समांतर आणि दुसऱ्यात आडवी ठेवली की उष्णतेत वेगवेगळं आकुंचन होतं आणि पडदा सपाट राहत नाही.

चाचणीकक्ष

आता तिसरा प्रश्न. सेकंदाला एक घडी या वेगाने २ लाख घड्या साडेपंचावन्न तासांत उरकतात, आणि सर्वांत मोठी फसगत इथेच होते. वेगात गोंद जास्त कडक वागतो, त्याला वाहायला वेळ मिळत नाही. म्हणजे तडे प्रत्यक्षापेक्षा लवकर आणि सळ प्रत्यक्षापेक्षा कमी, अशी दोन्हीकडून चूक. वापरणारा फोन मिटून तासन् तास ठेवतो, यंत्र ठेवत नाही.

म्हणून किमान चार वेगळे नमुनागट करा:

खोलीच्या तापमानाला, २ लाख, सेकंदाला अर्धी घडी (१११ तास).
उणे २० ला, कमी घड्या, पण दर काही हजारांनी थांबवून सूक्ष्मदर्शकाखाली.
६० अंश आणि ९० टक्के आर्द्रतेत घड्या.
६० अंश, ९० टक्के, मिटून ठेवलेली स्थिर चाचणी, २४० तास. उघडल्यावर लगेच आणि २४ तासांनी, दोन्ही वेळा सळेची खोली मोजा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे गोंदाची परत येण्याची क्षमता.

एकाच नमुन्यावर सगळं ओळीने लावू नका. कशाने मेला ते कळणार नाही.

टचचा प्रतिकार चार तारांच्या पद्धतीने आणि घडी चालू असताना मोजा. सपाट केल्यावर तडा मिटतो, दोन्ही काठ टेकतात आणि मीटर निरोगी आकडा दाखवतो. मिटलेल्या स्थितीतला मूळ आकडा आणि आताचा आकडा यांचं गुणोत्तर १.१ ओलांडलं की ती वाहिनी नापास, असा निकष ठेवा. टच चालतोय की नाही हा निकष फार ढिला, कारण कंट्रोलर बराच काळ झाकून नेतो.

लवचीक डिस्प्लेच्या यांत्रिक चाचण्यांसाठी आयईसी ६२७१५ ही मालिका आहे, तिच्या ६-१ भागात वाकवण्याच्या पद्धती दिल्या आहेत. दोन पुरवठादारांचे आकडे ताडायचे तर दोघांनी त्यातली तीच पद्धत, तीच त्रिज्या, तोच वेग वापरला का ते आधी बघा. ‘२ लाख घड्या’ हा आकडा त्रिज्या, वेग आणि तापमानाशिवाय निरर्थक आहे.

शंकासुर

हार्ड कोटबद्दल कुणी बोलेल का? ९एच कडकपणाची घडीची फिल्म म्हणून जाहिराती येतात.

काचकाम

९एच ही पेन्सिलच्या चाचणीतली श्रेणी आहे. ती चाचणी ७५० ग्रॅम भाराखाली होते आणि फिल्म कशावर ठेवली आहे यावर निकाल फिरतो. जाड काचेवर चिकटवलेली फिल्म ९एच दाखवेल, तीच ५० मायक्रॉन मऊ ओसीएवर खाली कितीतरी पायऱ्या उतरेल, कारण पेन्सिल फिल्मला खड्ड्यात ढकलते. तुमच्या पूर्ण थरांवर चाचणी मागा.

हार्ड कोट जाड केला तर ओरखडे थांबतात पण तो स्वतः तडकतो. आत मिटणाऱ्या घडीत तो दाबात असल्याने थोडी सूट मिळते. बाहेर मिटणाऱ्या घडीत तो ताणात आणि वर उघडा, म्हणून बाहेरच्या घडीला त्रिज्या पाच मिमीच्या आसपास ठेवावी लागते.

वरची फिल्म बदलता येण्याजोगी ठेवा. ओरखडे, पिवळेपणा, हार्ड कोटचे तडे, सगळं तिच्यावर जाऊ द्या आणि काच वर्षानुवर्षं तीच ठेवा.

बिजागरी

बदलता येण्याजोगी ठेवा, पण वापरणाऱ्याला नखाने सोलता येणार नाही अशी. २०१९ चा पहिला गॅलेक्सी फोल्ड याच कारणाने लांबला. काही परीक्षकांनी पडद्यावरचा थर तात्पुरती संरक्षक फिल्म समजून सोलला, आणि काही नमुन्यांत बिजागरीच्या वरच्या-खालच्या फटीतून कचरा पडद्याखाली गेला. दुरुस्तीत फिल्मची कड बेझलखाली नेली, फटींवर टोप्या बसवल्या आणि पडद्याखाली धातूचे जादा थर घातले. २०२० च्या झेड फ्लिपपासून पातळ काच आली आणि बिजागरीत बारीक तंतूंचा ब्रशही.

धुळीचं गणित सरळ आहे. पडदा आणि पत्रा यांच्यामध्ये गेलेला कण मागून टोचतो, आणि पेनसारखाच ताण आणतो, फक्त उलट दिशेने आणि प्रत्येक घडीला. २०२४ च्या फोल्ड ६ ला आयपी४८ (धूळ-पाण्यापासून बचावाची श्रेणी) मिळालं, त्यातल्या ४ चा अर्थ १ मिमीपेक्षा मोठ्या कणांपासून बचाव इतकाच. बारीक वाळू आत जातेच. म्हणून पत्र्याच्या जाळीमागे पातळ टीपीयूची (रबरासारख्या लवचीक प्लास्टिकची) पडदी चिकटवा. जाळीची भोकं झाकली जातात आणि वाकण्याला अडथळा नगण्य. जाळीची भोकं प्रकाश तिरपा पडल्यावर पडद्यातून उमटत असतील तर भोकं अरुंद करा, गोंद जाड करू नका.

नवी_घडी

सर्वांचे आभार, वाचनखूण साठवली आहे. सुधारित आराखडा: वरची पेट ५०, ओसीए ५० मऊ, काच ३०, ओसीए २५, पोलरायझर ४०, ओसीए २५, मेश टच फिल्म २५, ओसीए २५, पॅनेल ४०, मागची पेट ५०. एकूण ३६०. थेंबाची घडी, ३ मिमी. मेशच्या दोन्ही टोकांना जोडण्या. उरलेला प्रश्न कंट्रोलरचा: मिटताना दोन्ही अर्धे समोरासमोर आले की खोटे स्पर्श येतात, ते फर्मवेअरमध्ये कसे थांबवायचे?

ओहम_मीटर

हॉल सेन्सरने (चुंबक ओळखणाऱ्या सेन्सरने) कोन ओळखा आणि ठरावीक कोनाखाली स्पर्श पाठवणं बंद करा. तेवढं पुरत नाही, बेसलाइन (स्पर्श नसतानाचा आधार-आकडा) शिकणंही त्याच क्षणी गोठवा. नाहीतर मिटलेल्या स्थितीची धारिता ‘सामान्य’ म्हणून शिकली जाते आणि उघडल्यावर काही सेकंद पडदा वेड्यासारखा वागतो. उघडल्यावर जुनी बेसलाइन तशीच वापरा, एकदम नवी घेऊ नका, कारण त्या क्षणी बोट पडद्यावर असण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

घडीवरच्या ओळीसाठी बेसलाइनचा वेग बाकीपेक्षा जास्त ठेवा. गोंद तिथे तासाभरात सावकाश परत येतो आणि थरांमधलं अंतर बदलतं, म्हणून उघडल्यावर त्या ओळीचा कच्चा आकडा सरकत राहतो.

आणि कच्च्या आकड्यांचा नकाशा फर्मवेअरमधून बाहेर काढायची सोय ठेवा. दोन्ही टोकांनी जोडलेली वाहिनी घडीवर तुटली तर टच चालूच राहतो, पण घडीलगतचे आकडे दोन्हीकडून उतरतात, कारण तिथपर्यंतचा प्रतिकार वाढलेला असतो. हा उतार दिसला की ती वाहिनी ‘तुटलेली’ म्हणून नोंदवा आणि तिची स्कॅन-वेळ वाढवा, म्हणजे दूरच्या टोकाला चार्ज व्हायला अवधी मिळतो.

तिसरा_थर

नव्या आराखड्यात टच फिल्मचा मध्य २३२ मायक्रॉनवर येतो: १२.५ ÷ ३२३२ = ०.३९ टक्के. टच आता काळजीचा थर राहिला नाही. मागच्या पेटच्या गोंदाचं उत्तर आलं का? ते ९० मायक्रॉन एकजीव असतील तर ३ मिमीलाही पॅनेलच्या वरच्या अंगाला ४५ ÷ ३३१५ = १.३६ टक्के दाब आहे, आणि अख्ख्या रचनेत सर्वांत आधी तेच सुटेल.